मुक्कामाचं ठिकाण आणि नकाशावरचा ठिपका

(शताब्दी सोहळ्यात झालेलं भाषण)



मंडळींनी आम्हाला सांगितलं, शंभर वर्षांच्या सोहळ्यात तुम्ही नकाशावर बोला. आम्ही म्हणालो, बाबांनो, आमचं शिक्षण चौथी. आम्हाला निरूपण सांगा, नकाशाचं लेकरांना बोलू द्या. तर लेकरं म्हणाली, काम आम्ही केलं, पण आम्ही बोललो की कुणाला कळत नाही. म्हणून उभे राहिलो आहोत. कीर्तन नाही, टाळकऱ्यांनी निवांत बसावं.

आपल्या जुन्या मंडळींना नकाशा लागत नव्हता. पुढचा मुक्काम विचारला की सांगायचे, डाव्या हाताला लिंब लागंल, मग आड, आडापासून अर्धा कोस. सांगणाराही चालणारा आणि ऐकणाराही चालणारा. आता लिंब गेला, आड बुजला, रस्ता रुंद झाला आणि टँकर हाकणारा पोरगा दुसऱ्या जिल्ह्यातला. त्याला लिंब सांगून काय उपयोग?

मागं एका वारीत एका मायला भोवळ आली. फोन केला, गाडी निघाली. आम्ही पिंपळगावात, गाडीही पिंपळगावात, पण ते पिंपळगाव दुसरं! आपल्याकडं पिंपळगावं आणि वडगावं किती, हे तुम्हाला सांगायला नको. माय वाचली, पांडुरंगाची कृपा. पण दीड तास तिच्या डोक्यावर ओलं फडकं धरून आम्ही रस्त्याकडं बघत बसलो होतो. तिथंच ठरलं की मुक्काम, पाणी, दवाखाना, सगळी ठिकाणं पक्की लिहून ठेवायची.

आपला एक भाचा पुण्याला हेच काम करतो. त्यानं डाटाबेस केला. डाटाबेस म्हणजे खतावणीच. फरक एवढाच की या खतावणीत नावापुढं जागाही लिहिता येते, आणि मग तिला विचारता येतं, या मुक्कामापासून दोन किलोमीटरच्या आत पाणी कुठं आहे? ती सांगते. जागा दोन आकड्यांनी लिहायची. एक अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किती. दुसरा रेखांश, म्हणजे पूर्वेला किती. परभणीचे आकडे १९.२७ आणि ७६.७७. जनाबाईंचं गंगाखेड १८.९७ आणि ७६.७५. पंढरपूर १७.६८ आणि ७५.३३. बघा, पंढरीकडं चालताना दोन्ही आकडे उतरत जातात.

पोरांनी वारीभर आकडे गोळा केले, खतावणीत भरले, नकाशा उघडला, तर महाराष्ट्रात एकही ठिपका नाही. पोरं रात्रभर बसली. कुणी म्हणे इंटरनेट, कुणी म्हणे संगणकच बिघडला. भाच्यानं मात्र सगळी यादी बाजूला ठेवली आणि एकच ओळखीचं ठिकाण घेतलं, परभणी. ते कुठं पडलंय ते शोधलं. सापडलं ते नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांजवळच्या गार समुद्रात! झालं होतं असं की फोन दाखवतो आधी अक्षांश, मग रेखांश; आणि त्या खतावणीला पाहिजे आधी रेखांश, मग अक्षांश. आकडे खरे, क्रम उलटा. परभणी ते पंढरपूर सगळी दिंडी पाण्यावरून चालली होती. हसू नका, संगणकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ७६ उत्तर अशी जागा पृथ्वीवर आहे, म्हणून त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. तिथं वारकरी नसतात, हे त्याला कोण सांगणार?

क्रम बदलला, ठिपके घरी आले. तरी काही हातपंप अर्ध्या किलोमीटरवर भलत्याच्या रानात. कारण यादी उतरवताना कुणीतरी टिंबाच्या पुढची दोनच घरं ठेवली होती. दुसऱ्या घरातला एक आकडा म्हणजे जवळपास ११०० मीटर. चौथ्या घरातला एक म्हणजे ११ मीटर. हातपंप शोधायला निदान पाच घरं लिहा.

आणखी एक गाठ होती, ती सोडवायला सगळ्यात जड गेली. काही जुने आड एका कागदी नकाशावरून उतरवले होते. त्या नकाशामागं पृथ्वीच्या आकाराचं जे माप होतं, ते एव्हरेस्ट साहेबांच्या नावाचं, १८३० सालचं. फोन चालतो डब्ल्यूजीएस ८४ या मापावर. २००५ च्या नकाशा धोरणात सर्व्हे ऑफ इंडियानं लोकांसाठीचे नकाशे याच नव्या मापावर काढायचं ठरवलं. दोन्ही मापांचे आकडे एकाच नकाशावर टाकले की ठिपके सरकतात. एका पोरानं काय केलं, जुन्या आकड्यांवर नव्या मापाची नुसती पाटी लावली. आता पायलीनं मोजलेल्या ज्वारीच्या पोत्यावर किलोची चिठ्ठी लावली, म्हणून काय ती किलोत मोजली जाते? आधी खरं जुनं माप सांगावं लागतं, मग संगणकाकडून आकडे बदलून घ्यावे लागतात.

गावाच्या नावाचं सोपं निघालं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी नंबर आहे. पिंपळगाव कितीही असोत, नंबर एकाचाच. नावाबरोबर तो लिहिला.

आता जरा शेताचं बोलतो, कारण हा विषय तुमच्या घरात आलेलाच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून आपण सगळेच या खतावणीत लिहितो. तिथं गट म्हणजे ठिपका नाही, बंद बांध. रेघ निघाली तिथं येऊन मिळाली पाहिजे आणि स्वतःला कुठं छेदायची नाही. आठाच्या आकड्यासारखी झाली की क्षेत्र चुकतं. जुने कागद आकसतात, सुरकुततात. त्यावरून उतरवलेले दोन गट कधी एकमेकांवर चढलेले दिसतात, कधी मधे फट दिसते.

एवढ्यावरून भावाभावांत काठ्या निघाल्याचं आम्ही बघितलंय. अरे, हातातला फोन उघड्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडं-तिकडं दाखवतो. शंभर मीटरच्या बांधावर पाच मीटर धरा, ५०० चौरस मीटर झाले, म्हणजे पाच गुंठ्याला जरासं कमी. फोन बघून पाच गुंठ्याचं भांडण उकरायचं? आपली जुनी साखळी ३३ फुटांची, तिच्या चौकोनाचा एक गुंठा. ती ओढताना दोन्ही शेजारी बांधावर हजर असायचे. आजही शंका असली तर भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करा आणि त्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन उभे राहा. एकावर एक चढलंय एवढं संगणक दाखवतो. जागा कुणाची, हे त्याला ठाऊक नाही.

तर आता काम. दर गावच्या एका माणसानं मुक्कामाच्या जागी उभं राहायचं. पत्र्याखाली नाही, झाडाखाली नाही. मिनिटभर थांबायचं, मग आकडे घ्यायचे. अक्षांश कोणता, रेखांश कोणता, हे शब्दांत लिहायचं. गावाचा नंबर घालायचा. यादी विणेकऱ्यांकडं द्या, पोरं भरून घेतील. आणि हातपंप लिहाल तर तो चालू आहे का बंद, तेवढं हापसून बघून लिहा.