चाबूक आणि कासरा : रक्तदाब, लठ्ठपणा आणि आपली रात्रपाळी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे सांधणारे कामगार आहोत. शाळा नववीपर्यंत, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकड्यावर. तरी कमिटीने आरोग्याचा विषय आमच्याकडे दिला, त्याला कारण आहे.

आमच्या खात्यातले एक सहकारी तिसऱ्या पाळीत, पहाटे चारच्या सुमारास, दोन मशीनच्या मधल्या गल्लीत कोसळले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली. वय ४६. ब्लडप्रेशरची गोळी त्यांना दोन वर्षांपूर्वीच चालू झाली होती. "काही त्रासच होत नाही, मग गोळी कशाला खायची?" असे ते आम्हाला म्हणाले होते, आणि आम्ही मान डोलावली होती. कारण आम्हीही तेच करीत होतो! ती मान डोलावल्याची टोचणी आजही आहे. म्हणून चार पुस्तके वाचली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून समजून घेतले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

हृदयाने किती ठोके द्यावेत, रक्तवाहिनी किती आवळावी, अन्न कसे पुढे सरकावे, हे आपण ठरवतो का? नाही. आपण झोपलो तरी हे काम चालूच असते. हा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग : अनुकंपी आणि परानुकंपी. नावे अवघड, पण काम आपल्या ओळखीचे. एक चाबूक आहे, दुसरा कासरा. वाटेत साप दिसला की चाबूक चालतो. छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, पोटातले काम थांबते, हातापायांत बळ येते. संकट टळून जेवण करून ओट्यावर टेकलो की कासरा ओढला जातो. ठोके मंदावतात, पचन सुरू होते. जगायला दोन्ही लागतात.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५० च्या सुमारास सशाच्या मानेतला अनुकंपी तंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला, त्यातल्या रक्तवाहिन्या फुलल्या. म्हणजे ही दोरी रक्तवाहिन्यांना कायम थोडी आवळून धरते. नळाच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते ना? तसेच. त्यात भर म्हणजे हीच दोरी मूत्रपिंडालाही हुकूम देते, की मीठ आणि पाणी सोडू नका, धरून ठेवा. पाइप अरुंद, पाणी जास्त. मग दाब वाढणारच.

मग शरीराला दाब कळत नाही का? कळतो. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणाऱ्या जागा आहेत. दाब वाढला की त्या मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू चाबूक आवरतो. पण दाब महिनोन्महिने चढाच राहिला, की हा काटाच सरकतो. चढा दाब हाच त्याला बरोबर वाटू लागतो. मित्रहो, आमच्या सहकाऱ्याला त्रास का झाला नाही, त्याचे एक कारण इथे आहे. आजार नव्हता असे नाही. पहारेकरी रोजच्या गोंगाटाला सरावला होता, जसे आपले कान मशीनच्या आवाजाला सरावतात.

आता लठ्ठपणाचे बघू. पोट सुटले की लोक म्हणतात, "खाऊन खाऊन माजलाय." हे अर्धवट ज्ञान आहे. चरबी म्हणजे नुसते साठवलेले तेल नव्हे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा संदेश मेंदूला पाठवतात. १९९४ साली त्याचा शोध लागला. "साठा पुरेसा आहे, भूक कमी कर, चाबूक थोडा वाढव," असा त्याचा अर्थ. लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असते, पण भुकेचा कान त्याला बधिर होतो. चाबकाचा कान मात्र शाबूत राहतो, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे भूक हटत नाही आणि मूत्रपिंडाकडे जाणारा हुकूम वाढतो. वाढलेले इन्सुलिनही त्याच दिशेने ढकलते. लठ्ठ माणूस रात्री घोरतो, मध्येच श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि दर वेळी चाबूक कडाडतो. घरची मंडळी म्हणतात, "किती गाढ झोप लागलीय!" ती झोप नसते, रात्रभर चाललेली झटापट असते.

यात आपली पाळी मिसळा. निरोगी माणसाचा दाब रात्री झोपेत सुमारे १० ते २० टक्के उतरतो. ती हृदयाची विश्रांती. रात्रपाळीत ती वेळ आपण आवाजात, दिव्याखाली, चहावर काढतो. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप अपुरी, आणि अपुरी झोप भूक वाढवते. मग मधल्या सुट्टीत वडापाव, घरी पापड, लोणचे, सुकट. दोष एकट्या माणसाच्या जिभेचा नाही, घड्याळाचाही आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो आराम शरीराचा हक्क म्हणून मिळाला. आज आपण चार पैशांसाठी डबल पाळी करून तो परत देतो. नाइलाज आम्हाला ठाऊक आहे, पण हिशेब तरी कळू द्या.

करायचे काय? तिशीनंतर प्रत्येकाने दाब मोजून घ्यावा. पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर भरला, तर तो आजार आहे, त्रास असो वा नसो. मीठ दिवसाला सगळे मिळून एक चमचाच, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. पापड-लोणच्यातले मीठ त्यातच धरायचे. एक किलो वजन उतरले तर दाब साधारण एका अंकाने उतरतो. आकडा लहान वाटेल, पण पाच किलोंचा विचार करा. आठवड्यात दीडशे मिनिटे झपझप चालावे. घोरताना श्वास अडत असेल तर घरच्यांनी डॉक्टरांना सांगावे, कारण झोपलेल्याला ते कळत नाही.

इथे विहारात आपण श्वासाकडे लक्ष देऊन बसतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ केला की कासऱ्याला बळ येते, दाब थोडा उतरतो, हे प्रयोगांत दिसले आहे. पण थोडाच! ध्यान करतो म्हणून गोळी सोडली, असे कुणी म्हणू नये. काही गोळ्या चाबकाचा निरोपच हृदयापाशी अडवतात. त्या एकदम बंद केल्या तर दाब उसळी मारतो. बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून.

आमचे सहकारी आज डाव्या हाताने जेवतात. आम्ही भेटायला गेलो की आमच्या खिशाकडे बोट करतात. गोळ्यांची पट्टी काढून दाखवली की हसतात. आम्ही आता रोज गोळी घेतो.

कमिटीला आमची एकच विनंती आहे. दाब मोजायचे एक यंत्र विहारात ठेवावे, आणि दर रविवारी वंदनेनंतर एका तरुणाने ते घेऊन बसावे. पहिला दंड आमचा.

जय भीम!