बदली खेळाडू
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात झालेले व्याख्यान)



मराठीत 'बदली' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. नोकरदाराला एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवतात, ती त्याची बदली. मैदानावरच्या दमलेल्या गड्याच्या जागी बाकावरून उठून जातो, तो बदली खेळाडू. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा इतिहास पहिल्या बदलीपासून सुरू होतो. रेल्वे, टपाल, बँक, कारखाना अशा निमित्ताने आजोबा परगावी आले आणि मुलांसाठी मराठी शाळा शोधू लागले. दुसऱ्या बदलीचा अनुभव मात्र खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी येतोच.

हे दोन्ही अर्थ आज एकाच ठिकाणी एकत्र आलेले दिसतात, ते अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये. तेथील अठरा ते बावीस वर्षांची मुले-मुली बदली खेळाडू म्हणून बाकावर बसण्याला कंटाळतात आणि दुसऱ्या विद्यापीठात बदली मागतात. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या बास्केटबॉलमध्येच दर वसंत ऋतूत असे हजाराहून अधिक अर्ज येतात. हा विषय दूरदेशीचा खरा; परंतु त्यात गुंतलेला प्रश्न शाळेत जाणाऱ्या प्रत्येक घरी आज ना उद्या उभा राहतो, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या खेळाचे मूळ पाहू. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकासमोर एक अडचण होती. हिवाळ्यात मैदान बंद, आणि वर्गातील तरुण कवायतीला विटलेले. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गडी. त्या पहिल्या सामन्यात बाकावर कोणीही नव्हते, कारण खेळ वर्गासाठी होता आणि वर्गातील प्रत्येकाने खेळणे हाच त्याचा उद्देश होता. याच परंपरेत तयार झालेले हॅरी क्रो बक पुढे भारतात आले आणि १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय त्यांनी सुरू केले. भारतातील शाळांना शिकलेले क्रीडाशिक्षक मिळू लागले, त्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

यथावकाश नवाचे पाच झाले. सामना लोकप्रिय झाला, विद्यापीठांची भव्य क्रीडागृहे उभी राहिली आणि बाक आला. आजचा पुरुषांचा महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा असतो. एका वेळी पाच खेळाडू मैदानात, म्हणजे एका संघाकडे वाटण्यासाठी एकूण दोनशे मिनिटे. पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या संघाला दीर्घकाळ तेरा शिष्यवृत्तींची मर्यादा होती. दोनशे मिनिटे तेरा जणांत समान वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटे येतात. प्रत्यक्षात समान वाटप होतच नाही. चुरशीच्या सामन्यात आठ-नऊ जणांतच ती मिनिटे संपतात आणि उरलेले टाळ्या वाजवतात. हे सर्वजण आपापल्या गावचे, आपापल्या शाळेचे नामांकित खेळाडू असतात. ज्याने शाळेत कधी बाक पाहिला नाही, त्याला पहिल्याच वर्षी तेथे बसावे लागते.

पूर्वी अशा मुलापुढे फारसा मार्ग नव्हता. दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करण्यासाठी पहिल्या विद्यापीठाची परवानगी लागे, आणि गेल्यावरही बास्केटबॉलपटूला साधारणतः एक वर्ष सामने न खेळता काढावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, 'ट्रान्स्फर पोर्टल' ही नोंदवही सुरू केली. खेळाडूने कळवले, की दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचे नाव तीत चढवणे विद्यापीठाला बंधनकारक झाले. परवानगीचा प्रश्न उरला नाही. २०२१ मध्ये एकदा बदली घेणाऱ्याची एक वर्षाची सक्तीची विश्रांती रद्द झाली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला कितीही वेळा बदली घेण्याची मुभा मिळाली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर पैसे मिळवण्याचीही परवानगी आहे. त्यामुळे बदलीच्या कारणांत मिनिटांच्या जोडीला मोबदलाही आला.

या मोकळीकीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. आजच्या मुलांना धीर नाही, निष्ठा नाही, असे म्हटले जाते. परंतु न्यायाने पाहिले, तर प्रशिक्षक करार मोडून अधिक वेतनासाठी दुसरीकडे जात होते, तेव्हा त्यांना एक वर्ष बाकावर बसवण्याचा नियम कोणी केला नव्हता. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबून मुलगा घर सोडून आला, तो प्रशिक्षकच निघून जाई आणि मुलगा मात्र बांधलेला राही. मोठ्यांना जे स्वातंत्र्य आधीपासून होते, ते लहानांना उशिरा मिळाले, एवढाच याचा अर्थ.

मग सोडून जावे, की थांबावे? दोन तरुणांची उदाहरणे येथे मार्गदर्शक ठरतील. दोघेही २०२० च्या हंगामात महाविद्यालयात दाखल झाले. दोघेही विलक्षण उंच, दोघेही मधल्या जागेवर, बास्केटजवळ, खेळणारे. पहिला वॉकर केसलर, उंची ७ फूट १ इंच. नॉर्थ कॅरोलायना या नामवंत विद्यापीठात पहिल्या वर्षी त्याला सामन्यागणिक सरासरी दहा मिनिटेही मिळाली नाहीत. २०२१ मध्ये तो ऑबर्न विद्यापीठात गेला. तेथे त्याला सुमारे पंचवीस मिनिटे मिळू लागली आणि त्याच हंगामात तो देशातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२२ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचा क्रमांक बाविसावा लागला. तो थांबला असता, तर हे घडले असते का, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र जाण्याने त्याचे भले झाले, हे उघड आहे.

दुसरा झॅक ईडी, उंची ७ फूट ४ इंच. कॅनडातील टोरंटोचा हा मुलगा लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळला आणि बास्केटबॉलकडे उशिरा वळला. पर्ड्यू विद्यापीठात त्याच्याच जागेवर ट्रेव्हियन विल्यम्स हा अनुभवी खेळाडू होता. पहिल्या दोन्ही वर्षी ईडीला चाळीसपैकी निम्म्याहून कमी मिनिटे मिळाली. दार त्यालाही उघडे होते. तो गेला नाही. तिसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, तो देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पर्ड्यूचा मानहानिकारक पराभव झाला. तेव्हाही तो थांबला. २०२४ मध्ये तो पुन्हा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि १९६९ नंतर प्रथमच पर्ड्यू अंतिम सामन्यात पोहोचले.

त्या अंतिम सामन्यात ईडीने ३७ गुण केले, तरी पर्ड्यू ६० विरुद्ध ७५ असे हरले. जिंकलेल्या कनेटिकटच्या संघातील ट्रिस्टन न्यूटन हा ईस्ट कॅरोलायना सोडून आलेला होता, तर कॅम स्पेन्सर हा दोन विद्यापीठे पाहून तिसऱ्यात स्थिरावलेला. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान न्यूटनला मिळाला. आणि पर्ड्यूच्या संघातही लान्स जोन्स हा सदर्न इलिनॉयहून आलेला खेळाडू होताच. थांबलेला आणि निघालेला, दोघेही एकाच मैदानावर भेटले. त्यामुळे जाणारा तो कृतघ्न आणि थांबणारा तो गुणी, अशी सोपी वाटणी येथे टिकत नाही.

परंतु विजेत्यांच्या कथांवरून निर्णय घेऊ नये. पोर्टलमुळे नवी मिनिटे निर्माण होत नाहीत. दोनशे मिनिटे तेवढीच राहतात. त्यांचे वाटप फक्त बदलते. एकाला जेथे जागा मिळते, तेथे दुसऱ्याची जाते. प्रशिक्षकाला बावीस वर्षांचा तयार खेळाडू मिळत असेल, तर तो शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला कशाला खेळवील? म्हणजे बदलीच्या सोयीचा भार शेवटी सर्वांत लहान मुलावर पडतो. पोर्टलमध्ये नाव घालणाऱ्या प्रत्येकाला नवे घर मिळतेच असेही नाही. नाव चढले, की पुढील सत्रापासूनची शिष्यवृत्ती बंद करण्याचा अधिकार जुन्या विद्यापीठाला असतो. तिकडे कोणी बोलावले नाही आणि इकडची जागा भरली गेली, अशी अवस्था कित्येकांची होते.

अभ्यासाचे नुकसान याहून कमी दिसते, पण खोल असते. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूने दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के अभ्यास पूर्ण केलेला असावा लागतो. एका विद्यापीठात उत्तीर्ण केलेले सर्व विषय दुसरे विद्यापीठ मोजतेच असे नाही. दोन-तीन बदल्या झालेल्या विद्यार्थ्याने ज्या विषयाची आवड होती तो सोडून, ज्यात जुने गुण बसतील तो विषय निवडण्याची पाळी त्यामुळे येते. आणि या हजारोंपैकी व्यावसायिक संघांत जाणारे फारच थोडे; बाकी सर्वांना आयुष्यभर उपयोगी पडायची आहे ती पदवीच.

हीरक महोत्सवाच्या प्रसंगी हे सांगण्याचे कारण आता स्पष्ट करावयास हवे. मराठी शाळांच्या कचेरीतही दरवर्षी दाखला मागणारे पालक येतात. कोणाची खरोखरच बदली झालेली असते. कोणाला दुसरे माध्यम हवे असते, कोणाला मोठे मैदान, कोणाला नाव. पट घटत असताना असा प्रत्येक दाखला लिहिणाऱ्याच्या हाताला जड जातो. तरीही दाखला हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो हसतमुखाने द्यावा आणि गेलेल्या मुलाचे नाव शाळेने आदराने घ्यावे. साठ वर्षांत येथून गेलेली मुलेही या शाळेचीच आहेत. आजच्या सभेतील कितीतरी चेहरे त्याची साक्ष देतात.

मात्र दाखला मागण्यापूर्वी मुलाने व पालकांनी काही गोष्टी शांतपणे तपासाव्यात. जे मिळत नाही, ते येथे मिळणारच नाही, की अद्याप मिळालेले नाही? क्रीडाशिक्षकांना किंवा वर्गशिक्षकांना 'मी कशात कमी पडतो?' असे एकदा तरी सरळ विचारले आहे का? नव्या ठिकाणी ती जागा रिकामी आहे, की तेथेही कोणी बसलेलेच आहे? आणि जाण्याची इच्छा मुलाची आहे, की आईवडिलांची? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर जो जातो, तो पळत नाही. आणि जो थांबतो, तो अडकून पडत नाही.

बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. पहिली दोन वर्षे ईडी नुसता वाट पाहत बसला नव्हता. सरावात त्याच्यासमोर रोज विल्यम्ससारखा खेळाडू होता, आणि त्या सरावाची मिनिटे कोणत्याही गुणफलकावर लागत नाहीत. प्रशिक्षकाने अन्याय केला, असे खरोखर वाटत असेल, तर ते आदराने पण स्पष्टपणे बोलून दाखवावे. मनात कुढत राहणे म्हणजे धीर नव्हे.

शेवटचा शब्द शाळेसाठी. विद्यापीठाच्या संघाला जिंकणे भाग असते. त्याच्याकडे दोनशेच मिनिटे असतात. शाळेवर ती सक्ती नाही. आंतरशालेय स्पर्धेचा संघ पाच-दहा जणांचा असला, तरी आठवड्याचा खेळाचा तास संपूर्ण वर्गाचा आहे, आणि तो गणिताच्या राहिलेल्या धड्यासाठी किंवा निवडक खेळाडूंच्या सरावासाठी घेतला जाऊ नये. नेस्मिथच्या वर्गात अठरा मुले होती आणि अठराही खेळली. या शाळेच्या प्रत्येक वर्गाला पुढील वर्षी तसा तास मिळाला, तर हीरक महोत्सवाच्या खर्चात एका पैशाचीही भर न पडता मुलांना मोठी देणगी मिळेल. आज नावाचा पुकारा न झालेली जी मुले मागच्या रांगांत बसली आहेत, त्यांच्यासाठी चेंडू आणि मैदान सोमवारपासून मोकळे असावे, एवढीच विनंती.