निंबाची सावली कुणासाठी?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन! मला विषय दिला आहे 'कामाची जागा आणि बाग'.

या विषयाचं मोठं उदाहरण आपल्या जळगावातच आहे. शिरसोली रस्त्यावरची जैन हिल्स. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातले भवरलालजी जैन यांनी त्या खडकाळ, उजाड टेकडीवर पावसाचं पाणी अडवलं आणि झाडं लावली. आज तिथे शेतीचं संशोधन, प्रशिक्षण चालतं. २०१२ पासून गांधीतीर्थही आहे. तिथली माणसं कामाला जातात ती झाडांमधून. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा याची किंमत खान्देशी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

हिरवळीचा गुण फक्त गारव्यापुरता नाही. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. नुसतं झाड दिसल्याने एवढा फरक!

धुळ्याला मी एका कारखान्यात हिशेबनीस होतो. पाण्याच्या टाकीमागे कामगारांनी मेथी, वांगी, मिरच्या लावल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या करंजाखाली डबे उघडायचे. मशीनच्या आवाजात दिवसभर न बोलणारी माणसं वाफ्यात पाणी सोडताना घरचं सगळं बोलायची. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं कर्ज आम्हाला तिथेच कळायचं आणि मदतही तिथेच ठरायची. पुढे गाड्या लावायला त्या जागी काँक्रीट झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या मशीनपाशी जेवू लागला.

हे आज सांगतोय, कारण आपली सोसायटीही कुणाची तरी कामाची जागा आहे. वॉचमन भाऊ बारा तास पत्र्याच्या केबिनमध्ये बसतात. झाडूवाल्या मावशी, धुणंभांडी करणाऱ्या ताई दोन घरांच्या मधल्या वेळात जिन्यावर टेकतात. बसायला सावली एकच, गेटजवळच्या निंबाची. आणि पुढच्या वर्षी सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव येणार आहे, त्यात पार्किंगसाठी तो निंब जाणार, असं ऐकतो.

माझी विनंती साधी आहे. निंब ठेवा. बुंध्याभोवती चारही बाजूंनी किमान तीन फूट माती मोकळी सोडा, म्हणजे मुळांना पाणी मिळेल. त्याबाहेर बसायला एक पार बांधा. मागच्या कुंपणालगतची पट्टी फरशीविना राहू द्या. तिथे वॉचमन भाऊंना मेथी-कोथिंबीर लावायची असेल तर लावू द्या. एसीचं पाणी नाहीतरी वाया जातं, ते नळीने तिकडे वळवता येईल.

यात दोन गाड्यांची जागा कमी होईल, हे खरं. त्यातली एक माझी धरा. मी गाडी रस्त्यापलीकडे लावीन.

ठरावाला हात वर करण्याआधी एकदा दुपारी दोन वाजता त्या केबिनमध्ये दहा मिनिटं बसून या, एवढंच सांगतो आणि थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!