सल्लागार मंडळातील शिक्षक : साक्षीदार की सभासद?

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वडोदऱ्यात शाळा आणि ग्रंथालय ही जुळी भावंडे आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला. शाळेत झालेली अक्षरओळख पुढे पुसली जाऊ नये, म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. पण या जाळ्याचे काही धागे आधीच कातले गेले होते. मोतीभाई अमीन या शिक्षकी पेशातील गृहस्थाने गावोगावी वाचनालये उभारण्याचा उद्योग स्वयंप्रेरणेने चालविला होता. संस्थानाने त्यांना ग्रंथालय खात्यात सामावून घेतले. शिक्षकाचा अनुभव राज्याच्या धोरणात उतरला, की त्याला कसे फळ येते याचे हे घरचेच उदाहरण. राज्याचे शैक्षणिक धोरण ठरविणाऱ्या सल्लागार मंडळांत शिक्षकाचे स्थान कोणते, हा आजचा विषय मी त्यामुळेच निवडला.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शाळा काढून, स्वतः शिकवून आलेल्या अनुभवाचे ते बोल होते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, इतक्या तपशिलापर्यंत ते गेले. मात्र आयोगाच्या दृष्टीने जोतीराव साक्षीदार होते, सभासद नव्हते. साक्षीदाराचे ऐकून घ्यावयाचे असते. निर्णयाच्या मसुद्यावर त्याचा हात फिरत नाही. पुढे नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. गोखले उमेदीची वर्षे अध्यापनात घालविलेले गृहस्थ, आणि त्यांच्यासमोर बडोद्याचा दाखला होता. तरीही १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षक सभासद झाला, तरी त्याच्या बाजूला पुरेशी माणसे असावी लागतात, हा त्यातील धडा.

सल्लागार मंडळांचा इतिहासही बोलका आहे. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळ १९२० साली स्थापन झाले, १९२३ साली काटकसरीच्या नावाखाली बरखास्त झाले आणि १९३५ साली पुन्हा अस्तित्वात आले. तिजोरीला ओढ लागली, की पहिली कात्री सल्ल्यावर चालते! स्वातंत्र्यानंतरचा कोठारी आयोग (१९६४-६६) हा आपल्या शिक्षणेतिहासातील थोर प्रयत्न. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरच्या मातीतले. आयोगाने सुमारे नऊ हजार व्यक्तींशी विचारविनिमय केला. त्यांत शिक्षकही होते. परंतु सदस्यांच्या नामावलीत शास्त्रज्ञ, प्राध्यापक, प्रशासक आणि परदेशी तज्ज्ञ आढळतात. रोज सकाळी प्राथमिक वर्गाची हजेरी घेणारा शिक्षक आढळत नाही. आयोगाची थोरवी मान्य करूनही ही उणीव नोंदविली पाहिजे.

घटनाकारांनी शिक्षकांचा विचार केला नाही, असे मात्र नव्हे. घटनेच्या १७१व्या कलमानुसार विधान परिषदेच्या एकद्वादशांश जागा शिक्षक मतदारसंघांतून भरल्या जातात. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अशा प्रत्येकी सात जागा आहेत. पण या तरतुदीला दोन मर्यादा आहेत. एक, मतदानाचा हक्क माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतील शिक्षकांना आहे. मुळाक्षरे गिरवून घेणारा प्राथमिक शिक्षक त्याबाहेर राहतो. दोन, विधान परिषद सर्वत्र नाही. गुजरातेत ती नाही, मध्य प्रदेशात नाही, गोव्यातही नाही. म्हणजे वडोदऱ्याच्या, इंदूरच्या आणि पणजीच्या शिक्षकाला सल्लागार मंडळ हाच काय तो दरवाजा.

हा दरवाजा कायद्याने उघडलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ३४व्या कलमाने प्रत्येक राज्याला सल्लागार परिषद नेमावयास सांगितले आहे. तिची सदस्यसंख्या पंधरांहून अधिक नसावी आणि प्राथमिक शिक्षण व बालविकास यांचे ज्ञान आणि प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांतून निवड व्हावी, असे कलम म्हणते. प्रत्यक्ष अनुभव म्हणजे कोणाचा? निवृत्त संचालकांचा, संस्थाचालकांचा की आज खडू हातात असलेल्याचा? या कलमात त्याचा उलगडा नाही. तो उलगडा समाजाने मागितला पाहिजे.

आपणा मराठी भाषिकांचे यात काय अडले आहे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. घटनेच्या ३५०-क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपविला आहे. पण मराठी वर्ग एका दिवसात बंद पडत नाही. एक शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. पाठ्यपुस्तके उशिरा येतात. पालक कंटाळून मूल दुसरीकडे घालतात. मग पटसंख्या घटली म्हणून वर्ग मिटतो. कागदावर शेवटची पायरी तेवढी दिसते. आधीच्या तीन पायऱ्या शिक्षकाने पाहिलेल्या असतात. खानदेशातून बारडोलीच्या परिसरात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचेही तसेच. हंगामात ती गावच्या शाळेत गैरहजर आणि इथल्या शाळेला अपरिचित. त्यांचे अर्धे वर्ष कोणत्या भाषेत आणि कोणत्या पटावर जाते, हे हजेरीपुस्तक धरणाऱ्यालाच ठाऊक.

मात्र अधिकार मागताना आपल्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. वेतनश्रेणी आणि बदल्या हे न्याय्य प्रश्न आहेत. त्यांसाठी संघटना आहेत, त्यांनी झगडावेच. सल्लागार परिषदेतील खुर्ची मात्र मुलाच्या वतीने मिळालेली असते. तिथे जाणाऱ्याने गाऱ्हाणी नव्हे, तर नोंदी न्याव्यात : किती मुले आली, किती गळाली, कोणत्या इयत्तेत आणि का. सरकारी नोकरीतील शिक्षकाला वरिष्ठांसमोर विरुद्ध मत देणे जड जाते, हेही खरे. म्हणून परिषदेतील मतासाठी त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी हमी नियमांतच हवी.

माझ्या सूचना तीनच आहेत. परिषदेत निदान एकतृतीयांश सदस्य सेवेतील शिक्षक असावेत आणि त्यांत भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळेतील एक तरी असावा. परिषदेने दिलेल्या प्रत्येक सल्ल्यावर शासनाने ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सल्ला नाकारण्याचा अधिकार शासनाला जरूर आहे, पण कारण न सांगता नाकारण्याचा नसावा. आणि बैठकांची इतिवृत्ते सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवली जावीत.

तिसऱ्या सूचनेसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराने ती मागविता येतील. या ग्रंथालयाने त्यांचे एक कपाट सुरू करावे आणि वर्षातून एकदा शहरातील मराठी शाळांच्या शिक्षकांना बोलावून पटाचा हिशेब मांडावा. शंभर वर्षे ग्रंथालयाने वाचक सांभाळले. पुढील शंभर वर्षांचे वाचक आज पहिलीच्या वर्गात बसलेले आहेत. तो वर्ग भरलेला राहील, याची काळजी सभासदांनी वाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.