पॅड टाकल्यानंतर

मैत्रिणींनो, सॅनिटरी पॅडच्या आयुष्यातला कोणता टप्पा सर्वांत महत्त्वाचा? आपण किमतीसाठी भांडलो. २०१८ साली जीएसटी रद्द झाला. पॅड कचऱ्यात गेलं की आपली चर्चा संपते, आणि कचरावेचक बाईचं काम सुरू होतं. पुडकं हाताने उघडल्याशिवाय आत काय आहे ते तिला कळत नाही. माझ्या मते हाच टप्पा महत्त्वाचा. पण उपाय तिच्या हातमोज्यांत नाही (तेही वेळेवर मिळत नाहीत!), कारखान्यात आहे, प्लास्टिक तिथेच घातलं जातं. २०१६च्या घनकचरा नियमांनी विल्हेवाटीची पिशवी पॅडसोबत देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. तुमच्या पुड्यात ती निघाली का? नसेल तर कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा, आणि कंपनीला पत्र टाका.