मोबाइलची विचारणा

हातांतला मोबाइल मधूनच विचारतो, "या ॲपला आपले संदेश वाचूं द्यावेत काय?" परक्या माणसाला नांवगांव विचारल्यावांचून घरांत न घेणारा गृहस्थ येथें मात्र घाईघाईनें होकार देऊन मोकळा होतो. हा होकार कधीं कधीं महाग पडतो. लग्नपत्रिकेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फसव्या ॲपांविषयीं २०२४ सालीं आपल्या देशांत पोलिसांना सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या. असलें ॲप संदेश वाचण्याची परवानगी मिळवितें, आणि बँकेकडून आलेला ओटीपी परस्पर चोराच्या हातीं जातो.

अँड्रॉइडच्या मोबाइलांत ही विचारणा २०१५ सालीं, सहाव्या आवृत्तीबरोबर आली. तत्पूर्वीं ॲप घेतांनाच मागण्यांची सारी यादी पुढें येई. ती सबंध मान्य करावयाची, नाहींतर ॲपच सोडून द्यावयाचें. "फक्त या वेळेपुरती" परवानगी तर अकराव्या आवृत्तींत, म्हणजे २०२० सालीं आली. मुलांनीं टाकलेला जो मोबाइल घरांतील वडीलधाऱ्यांच्या वांट्याला येतो, तो फार जुना असल्यास त्यांत ही सोय नसते. वापरांतल्या ॲपला दिलेला होकार काढून घेईपर्यंत टिकतो.

मागणी कामाशीं ताडून पाहावी. जुन्या मोबाइलांत टॉर्चच्या ॲपनें कॅमेरा मागितला तर त्यांत गैर नाहीं, कारण तो दिवा कॅमेऱ्याच्याच ताब्यांत असे. पण टॉर्चला संदेश कशाला हवेत?

सहाव्या आवृत्तीच्या मोबाइलावर कित्येकदां "स्क्रीन ओव्हरले आढळला" अशी सूचना येते, आणि परवानगी कांहीं केल्या देतां येत नाहीं. लोक मोबाइल बिघडला असें समजतात. वास्तविक तेथें मोबाइल शहाणपणानेंच वागत असतो. दुसरें एखादें ॲप, उदाहरणार्थ रात्रीं पडद्याचा उजेड सौम्य करणारें, पडद्यावर आपला थर पसरून बसलेलें असतें. अशा थराआडून दिसणारें बटण खरें कीं खोटें याचा भरंवसा नाहीं, म्हणून मोबाइल उत्तरच घेत नाहीं. तें ॲप क्षणभर बंद करावें, उत्तर द्यावें, मग पुन्हां चालू करावें.

दिलेली परवानगी परत घेतां येते. सहाव्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्यें ॲप्स, त्यांत ॲपचें नांव, आणि त्याखालीं परवानग्या सांपडतात. शंका येईल ती बंद करावी. ॲपला तिची खरोखर गरज असेल, तर तें काम अडतांच बहुधा पुन्हां विचारतें.