लॉकडाऊन, केमो आणि गच्चीवरच्या फेऱ्या



आयोजकांनी मला 'आजारपण आणि सकारात्मकता' हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. सकारात्मकतेबद्दल मला फार सांगता येणार नाही, चालण्याबद्दल येईल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये माझ्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. 'स्तन' हा शब्द मी मुद्दाम उच्चारतेय, कारण आमच्या घरात महिनाभर तो कुणीच उच्चारला नाही. 'तिची तब्येत', 'तिचं ते' एवढंच. मी मंगळवेढ्याला आईवडिलांकडे आले आणि 25 मार्चला देश बंद झाला. केमो मात्र थांबवायची नव्हती. दर तीन आठवड्यांनी पोलिसांचा पास घेऊन अब्बा मला गाडीने सोलापूरला न्यायचे. हाताचे व्यायाम शिकवणारा विभाग बंद होता. हातात होता चित्रांचा एक कागद.

सगळ्यांचा एकच सल्ला: आराम कर. प्रेमापोटीच म्हणायचे. पण केमोचा थकवा हा दिवसभराच्या कामाचा थकवा नसतो, झोपून तो जात नाही. उलट जितकं पडून राहावं तितका अंगात मुरतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं, की आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल न लागेल इतपत व्यायाम केला तर रुग्णांचा थकवा, चिंता, उदासी कमी होते. व्यायामाने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्या व्हिडिओसह त्या माणसालाही ब्लॉक करा. औषधाची जागा चालणं घेत नाही. औषध सोसायला मदत करतं.

आता चालायचं कुठे? रस्त्यावर बंदी, आणि केमोत पांढऱ्या पेशी घटतात म्हणून मला गर्दीची दुहेरी भीती. जुनं माळवद पाडून अब्बांनी स्लॅब टाकला होता. मी ती गच्ची मोजली. 30 बाय 20 फूट. कडेने एक फेरी साधारण 30 मीटर, म्हणजे 33 फेऱ्यांत एक किलोमीटर. नानीची 33 मण्यांची तसबीह मिळाली, एका फेरीला एक मणी. पहिल्या दिवशी नऊ मण्यांवर बसले. नानीला बरेच दिवस वाटत होतं की पोरगी वर जाऊन जिक्र करते. मीही तिला सांगितलं नाही.

फजरनंतर लगेच जायचं, कारण एप्रिलमध्ये आपल्याकडे आठ वाजताच स्लॅब तापतो. नंतर तिथे कुरडया-पापडांचं राज्य. मी एक्सेलमध्ये तारीख, फेऱ्या, ताप, आणि शून्य ते दहामध्ये थकवा लिहीत गेले. केमोनंतरचा तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट, हे दोन खेपांनंतर कळलं. त्या दिवसांत पाच फेऱ्या, कधी फक्त जिना. ताप 100.4 फॅरनहाइट झाला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट खाली असतील, हाडांत आजार असेल, तर आधी विचारायचं.

हाताची गोष्ट वेगळी. तकबीरला हात खांद्यापर्यंत जाईना. नमाज खुर्चीवर बसून पढत होते. नमाजला व्यायाम म्हणून विकणं मला पटत नाही, ती इबादत आहे. पण हात किती वर जातो हे दिवसातून पाच वेळा कळायचं. भिंतीवर बोटांनी चढायचं, पेन्सिलची खूण करायची, लाटणं दोन्ही हातांनी धरून वर न्यायचं. अम्मीची काळजी निराळी: "भाकरी थापता येईल ना हिला?" मला हसू आलं, मग लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर आहे. थापताना खांदा, कोपर, मनगट तिन्ही लागतात.

ग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, म्हणून पूर्वी सांगायचे, त्या हाताने आयुष्यभर काही उचलू नका. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅथरिन श्मिट्झ यांचा अभ्यास आला. आधीच सूज असलेल्या 141 स्त्रिया. त्यातल्या निम्म्यांनी देखरेखीखाली, घट्ट बाही घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती एकदम उसळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. मी डॉक्टरांना फोनवर विचारून मालदांडीचं अर्धा किलोचं पुडकं घेतलं. मंगळवेढ्यात डंबेल नसले तरी ज्वारी आहे.

"बायका घरकाम करतातच, वेगळा व्यायाम कशाला?" हे मला पुरुषांनी नाही, खालाने विचारलं. घरकामात हालचाल होते, मान्य. पण थकल्यावर फेरी थांबवता येते, आठ माणसांची इफ्तारी थांबवता येत नाही. भरलेली बादली अर्धा किलोपासून सुरू होत नाही. त्या रमजानमध्ये मी रोजे ठेवले नाहीत. आजारी माणसाला ती सवलत सूरह बकराच्या 185 व्या आयतीत आहे. सवलत घेणारीने स्वयंपाकघरात दुप्पट राबून भरपाई करावी, असं मात्र तिथे कुठेही नाही.

खरी अडचण होती लोकांच्या नजरेची. डोक्यावर केस नाहीत, स्कार्फ बांधलेला, चारी बाजूंच्या गच्च्यांवरून दिसते. "बहिणीचं लग्न व्हायचंय," असं घरात हळू आवाजात बोललं गेलं. मी बहिणीलाच विचारलं. ती दुसऱ्या दिवसापासून सोबत चालायला आली.

जूनमध्ये शेजारच्या गच्चीवरून एका बाईने विचारलं, "तुला काय झालंय?" मी सांगितलं. ती कठड्याजवळ आली आणि म्हणाली, मलाही गाठ आहे, आठ महिने झाले. घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती तपासणीला गेली. काय निघालं ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. पण मी खाली खोलीत आराम करत असते तर तिने कुणाला विचारलं असतं?

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदणी चालते, ग्रामीण भारतातली ती पहिली. तिथल्या लोकांनी गावोगाव जाऊन लक्षणं समजावली, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. नुसतं बोलून.

त्या वर्षी आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला आल्या. पंचवीसेक किलोमीटरवर वारकऱ्यांचं चालणं थांबलं होतं. मी त्या दिवशी तसबीह तीनदा फिरवली.

आता प्रश्न. त्याआधी भावांनी बाहेर चहा घ्यावा. भिंतीचा व्यायाम बहिणींना करून दाखवते, लाटणी आणली आहेत.